वाळू आपली, पाणी परक्याचे

*टायटॅनियमचे सामर्थ्य खाणीत जन्मत नाही, ते भट्टीत घडते. ज्याच्या हाती ती भट्टी, त्याच्याच हाती विमान, अग्निबाण आणि पाणबुडी. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूचा अभिमान बाळगणाऱ्या देशाने हे साधे सत्य किती काळ नजरेआड करायचे?*

टायटॅनियमच्या दोन कांबी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्ही एकाच ओतातल्या. दोन्हींमध्ये सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम. रसायनशाळेत तपासल्या तर दोन्हींचा अहवाल सारखा येईल. वजन सारखे, रंग सारखा, चकाकीही सारखी. तरीही त्यांतली एक कांब प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ९७ किलोग्रॅमचा ताण आला की तुटते आणि दुसरी ११२ किलोग्रॅमच्या पुढेही टिकून राहते. हा फरक कोणी केला? खाणीने नव्हे, रसायनाने नव्हे. तो भट्टीने केला. पहिली कांब सातशे-साडेसातशे अंशांवर तापवून हवेत निवू दिली होती. दुसरी साडेनऊशे अंशांपर्यंत तापवली, काही सेकंदांत पाण्यात विझवली आणि मग पाचशे-साडेपाचशे अंशांवर काही तास मुरवली.

मराठी भाषेने हे मर्म फार पूर्वी ओळखले आहे. शस्त्राला 'पाणी देणे' हा शब्दप्रयोग उगीच रूढ झालेला नाही. लोखंड सर्वांकडे असते. ज्याच्या तलवारीला पाणी आहे, तोच रणात टिकतो. माणसाच्या अंगच्या तेजालाही आपल्याकडे 'पाणी' म्हणतात, ते याच भट्टीवरून. आज प्रश्न तलवारीचा राहिलेला नाही. तो लढाऊ विमानाच्या इंजिनातील चकतीचा, अग्निबाणातील दाबपात्राचा, सहा हजार मीटर खोल समुद्रात उतरणाऱ्या गोलाचा आहे. या साऱ्यांसाठी लागणारी वाळू भारताच्या किनाऱ्यावर पसरलेली आहे. पाणी मात्र अजूनही मोठ्या प्रमाणात परक्यांच्या भट्टीत दिले जाते. वाळूच्या ढिगाऱ्यालाच सामर्थ्य समजण्याची जी सवय राज्यकर्त्यांना, नोकरशहांना आणि सुशिक्षित समाजाला जडली आहे, तिची झाडाझडती घेण्याची वेळ आली आहे.

काथ्याला चिकटलेली संपत्ती

१९०९ साली शोम्बर्ग नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे मोलाचे खनिज आढळले. त्याच वाळूत इल्मेनाइट होते. इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचे संयुक्त ऑक्साइड. केरळातील चवरा, तामिळनाडूतील मनवळकुरिची, ओडिशातील छत्रपूर अशी त्याची ठाणी आहेत. महाराष्ट्रही त्यात मागे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड येथील पुळणींवर ओहोटीच्या वेळी जी काळी झाक दिसते, ती याच खनिजाची. कोकणातील पोरेबाळे ज्या वाळूत खेळतात, तिच्यात उद्याच्या विमानाचे बीज आहे, हे म्हणणे ऐकायला गोड आहे आणि खरेही आहे.

परंतु अर्धे सत्य हे पुष्कळदा असत्यापेक्षा घातक ठरते. जगात निघणाऱ्या टायटॅनियम खनिजाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग धातू होतच नाही. तो पांढरे रंगद्रव्य होऊन भिंतींच्या रंगात, कागदात आणि प्लास्टिकमध्ये जातो. धातू काढणे मुळात कष्टाचे काम. ब्रिटनमध्ये विल्यम ग्रेगरने १७९१ साली या मूलद्रव्याचा माग काढला, पण शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडले आणि तो व्यापारी प्रमाणावर काढण्याची रीत विल्यम क्रोल यांनी बसवून दिल्यावर १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे कारखाने उभे राहिले. त्या रीतीने धातूचा सच्छिद्र गोळा मिळतो. त्याला 'स्पंज' म्हणतात. स्पंजपासून मिश्रधातूचा ठोकळा, ठोकळ्यापासून घडीव भाग आणि घडीव भागापासून भट्टीत सिद्ध झालेला, तपासलेला, प्रमाणित झालेला अवयव, अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर मोल वाढते आणि प्रत्येक पायरीवर ज्ञान लागते. वाळू ही सर्वांत खालची पायरी आहे.

वाळू म्हणजेच सामर्थ्य असते, तर जपान या क्षेत्रात कुठेच दिसता ना. त्या देशाकडे सांगण्याजोगे खनिज नाही. तो ते बाहेरून आणतो आणि तरीही विमानांच्या दर्जाचा स्पंज पुरवणाऱ्या जगातील अग्रगण्य देशांत त्याची गणना होते. रशियातील वेर्ख्नाया साल्दा येथील प्रचंड कारखाना हा टायटॅनियमच्या दुनियेतला महामेरू. तोही वर्षानुवर्षे युक्रेनचे खनिज विकत घेऊन चालला. वाळू नसलेल्यांनी धातू घडवला आणि वाळू असलेल्यांनी ती पोत्यांत भरून जहाजावर चढवली. यात दोष निसर्गाचा नाही.

भट्टीत नेमके काय घडते?

उष्णतोपचाराला 'तापवणे आणि थंड करणे' एवढेच समजणाऱ्या कारभाऱ्यांसाठी हे नीट सांगणे आवश्यक आहे, कारण सारा अनर्थ याच गैरसमजातून होतो.

शुद्ध टायटॅनियमचे अणू ८८२ अंश सेल्सियसपर्यंत षट्कोनी मांडणीत घट्ट बसलेले असतात. या रूपाला अल्फा म्हणतात. त्यावर तापमान गेले की तेच अणू आपली पंगत मोडून घनाकृती मांडणीत बसतात. ते बीटा रूप. ॲल्युमिनियम मिसळले तर अल्फाला बळ मिळते. व्हॅनेडियम, मोलिब्डेनम, लोह मिसळले तर बीटाला. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला, जगात सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू दोन्ही रूपे एकत्र नांदवतो. त्याच्या बाबतीत संपूर्ण बीटा होण्याची सीमा सुमारे ९९५ अंशांवर असते.

ही सीमाच सारे ठरवते. तिच्या खाली राहून धातू घडवला आणि उपचारला, तर बारीक, गोलसर अल्फा कण मिळतात. असा धातू वारंवार येणाऱ्या ताणाला चांगले तोंड देतो आणि सहज ताणला जातो. सीमेच्या वर नेऊन सावकाश निववला, तर बीटाचे कण भराभर फुगतात आणि निवताना त्यांच्या पोटात अल्फाच्या लांब पट्ट्या टोपलीच्या विणीसारख्या उमटतात. असा धातू पडलेली चीर सहजी पुढे जाऊ देत नाही आणि उष्णतेत ओढला जाण्यालाही विरोध करतो, पण त्याची तन्यता घटते आणि पहिली चीर पडायला तो अधिक वश होतो. सीमेच्या किंचित खाली नेऊन पाण्यात विझवला, तर बीटाला मूळ रूपात परतायला अवधी मिळत नाही. तो मार्टेन्साइट नावाच्या सुईसारख्या रचनेत अडकतो.

येथेच पोलादाची सवय झालेल्या कारागिराची फसगत होते. पोलाद विझवले की ते तत्काळ काचेसारखे कठीण होते. टायटॅनियमचे मार्टेन्साइट तसे नाही, ते तुलनेने मऊ असते. त्याचे बळ विझवण्यात नसून त्यानंतरच्या मुरवणीत आहे. पाचशे अंशांच्या आसपास काही तास धातू मुरतो, तेव्हा अडकून पडलेल्या रचनेतून अतिसूक्ष्म अल्फा आणि बीटा कण अंगभर फुटतात आणि तेच आतल्या घसरणीला अटकाव करतात. लोणचे बरणीत मुरावे तसे हे आहे. घाई केली तर कच्चे राहते, चुकले तर बिघडते.

त्यात अटी किती! भट्टीतून निघालेला भाग जाडीनुसार सहा ते दहा सेकंदांत पाण्यात गेला पाहिजे. हा मिश्रधातू सुमारे २५ मिलिमीटरपेक्षा जाड असला, तर गाभा पुरेशा वेगाने निवतच नाही. वरून कितीही पाणी दिले तरी आतून तो तसाच राहतो. सहाशे अंशांच्या वर उघड्या हवेत तापवला तर तो प्राणवायू पितो आणि त्याच्या अंगावर ठिसूळ कवच चढते. ते खरवडून काढावे लागते, नाहीतर भेगेचा जन्म तेथेच होतो. हायड्रोजनचे प्रमाण दशलक्षात सव्वाशे-दीडशे भागांच्या पुढे गेले की धातू ठिसूळ होतो. म्हणून निर्वात किंवा आर्गॉनने भरलेली भट्टी लागते. क्लोराइडचा अंशही चालत नाही. उघड्या हाताने स्पर्श केलेला भाग भट्टीत गेला, तर बोटांच्या घामातील मीठही घात करू शकते. विमानउद्योगात भट्टीच्या प्रतवारीत वरच्या वर्गातील भट्टीच्या कोणत्याही कोपऱ्यात तापमान तीन ते सहा अंशांपेक्षा इकडेतिकडे होता कामा नये, असा नियम आहे. हजाराजवळच्या आकड्यात तीन अंशांचा हिशेब!

पाणी चुकले की काय होते

हे सारे पुस्तकी बारकावे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी इतिहास पाहावा. १९७०च्या दशकाच्या आरंभी ट्रायस्टार विमानांच्या आरबी-२११ इंजिनांतील पंख्याच्या टायटॅनियम चकत्या अपेक्षेपेक्षा फार लवकर तुटल्या. मिश्रधातू ब्रिटनमधल्या नामांकित तज्ज्ञांनी बनवलेला होता. त्याची रासायनिक घडण निर्दोष होती. दोष होता तो उपचारानंतर धातूत उमटलेल्या अल्फा पट्ट्यांच्या एकाच दिशेने वळलेल्या जथ्यांचा. भार येऊन क्षणभर थांबला, की असे जथे एका मोठ्या कणासारखे वागतात. शेजारचा मऊ कण थोडा सरकतो, त्याचा बोजा कठीण कणावर पडतो आणि चीर पडते. तीही पृष्ठभागावर नव्हे, आत, जिथे डोळा पोहोचत नाही.

हा धडा शिकून पंचेचाळीस वर्षे लोटल्यावर, ३० सप्टेंबर २०१७ रोजी, पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३८० विमानाच्या एका इंजिनाचा पंखा ग्रीनलँडच्या आकाशात फुटला. विमानात पाचशेहून अधिक माणसे होती. वैमानिकांच्या कौशल्याने विमान कॅनडातील गूज बे येथे सुखरूप उतरले. पंख्याच्या मध्यचकतीचा तुकडा २०१९ साली बर्फाखालून खणून काढला, तेव्हा कारण कळले. तोच सहा-चारचा मिश्रधातू, तेच एका दिशेने वळलेले कणसमूह, तोच आतला थकवा. अनेक दशके या धातूत मुरलेल्या देशांनाही त्याची रचना कधीकधी चकवते. मग ज्यांनी भट्टीच परक्यावर सोपवली, त्यांना ती कधी कळणार?

जून २०२४ मध्ये आणखी एक प्रकरण उघडकीस आले. बोइंग आणि एअरबस यांच्या काही विमानांच्या भागांत खोट्या प्रमाणपत्रांसह आलेले टायटॅनियम शिरल्याची चौकशी अमेरिकी विमान प्रशासनाने सुरू केली. धातू टायटॅनियमच होता, पण त्याची जन्मकुंडली बनावट होती. या व्यवसायात कुंडलीलाच धातूइतके मोल असते, कारण उपचार डोळ्यांना दिसत नाही. तो नोंदीतच राहतो. आयातदाराच्या हाती शेवटी कागदच येतो आणि कागदावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

'बाजारात मिळते ते घरी कशाला?'

या देशात एक विद्वानवर्ग असा आहे की स्वावलंबन हा शब्द उच्चारताच त्याच्या ओठांवर मंद हसू उमटते. जग आता एक बाजारपेठ झाले आहे, जे स्वस्त मिळेल ते घ्यावे, लहानशा मागणीसाठी अवाढव्य भट्ट्या उभारणे म्हणजे करदात्यांच्या पैशाची राख, असा त्याचा युक्तिवाद असतो. तो सरसकट उडवून लावण्याजोगा नाही. खर्चाचा मुद्दा खरा आहे. विमानाच्या दर्जाचा धातू घडवणे तोट्याचे ठरू शकते, विशेषतः पहिली वीस वर्षे.

परंतु बाजार हा नेहमीच बाजार असतो, ही त्यातली भोळी समजूत आहे. १९९३ साली अमेरिकेच्या दडपणाखाली रशियाने भारताला क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याचा करार मोडता घातला आणि केवळ तयार इंजिने देऊ केली. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंधांचे जाळे आणखी आवळले गेले. तेव्हा दुकान उघडे होते आणि खिशात पैसाही होता. दुकानदाराने पाठ फिरवली, एवढेच. भारतीय शास्त्रज्ञांनी चिकाटी सोडली नाही म्हणून ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाने उपग्रह कक्षेत पोहोचवला. मधली वीस वर्षे ही 'बाजारात मिळते' या वाक्याची किंमत होती.

आणि हे केवळ भारताच्याच वाट्याला आलेले नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर बोइंगने रशियन टायटॅनियमची खरेदी थांबवली, तेव्हा आंतरराष्ट्रीय बाजारपेठेचे पुजारीच एका रात्रीत पर्यायी पुरवठा शोधू लागले. त्याहून बोलका दाखला १९६०च्या दशकातला. अमेरिकेने सोव्हिएत संघावर टेहळणी करण्यासाठी ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणारी विमाने बांधली, तेव्हा त्यांच्या अंगासाठी लागणाऱ्या टायटॅनियमचा काही भाग मध्यस्थांमार्फत सोव्हिएत संघाकडूनच विकत घेतला. म्हणजे कच्चा माल शत्रूचाही चालला. पण त्याचे पाणी अमेरिकेने स्वतः दिले. सुरुवातीला भाग इतके ठिसूळ होत की मेजावरून पडताच फुटत. हायड्रोजनचा तो घात शोधून काढून सारी प्रक्रिया बदलली. काही सांधे उन्हाळ्यात बांधले की लवकर निकामी होत आणि हिवाळ्यात बांधले की टिकत. कारण शोधले, तेव्हा उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात अधिक मिसळले जाणारे क्लोरीन दोषी निघाले. लक्षावधी भागांची नोंद पार मूळ ओतापर्यंत ठेवली गेली. राष्ट्र घडते ते अशा वेड्या काटेकोरपणातून.

तंत्रज्ञान हस्तांतराच्या करारांनी हा प्रश्न सुटेल, अशी दुसरी आशा दाखवली जाते. जून २०२३ मध्ये जीई आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांच्यात एफ-४१४ इंजिनाबाबत जाहीर झालेल्या समजुतीचे स्वागत झाले. स्वागत करण्यात गैर काही नाही. तथापि हस्तांतरात 'कसे' मिळते, 'का' मिळत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अमुक अंश, अमुक तास, अमुक वेगाने निववा, असा कागद हाती येतो. उद्या ओतातला प्राणवायू किंचित बदलला, भागाची जाडी वाढली, भट्टी दुसरी आली, तर त्या कागदात उत्तर नसते. उत्तर असते ते मूळ देणाऱ्याच्या कपाटात साठलेल्या हजारो अयशस्वी चाचण्यांच्या वह्यांत. त्या वह्या कोणी कधी विकल्या नाहीत आणि विकणारही नाही.

ज्यांनी निखारा जपला

या देशात कोणी काहीच केले नाही, असा सूर लावणे हा कृतघ्नपणा होईल. १९७३ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या मिश्र धातु निगम अर्थात मिधानीने टायटॅनियमचे मिश्रधातू देशातच ओतले. तेथील संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे डीएमआरएलने, स्पंज काढण्याची रीत बसवली. त्याच रीतीवर, अवकाश विभागाच्या पाठबळाने, २०११ साली चवरा येथील केरळ मिनरल्स अँड मेटल्सच्या आवारात वर्षाला ५०० टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला आणि स्पंज बनवणाऱ्या मोजक्या देशांच्या पंगतीत भारताला पाट मिळाला.

मे २०२१ मध्ये डीएमआरएलने दोन हजार टनांच्या दाबयंत्रावर, धातू आणि साचा दोन्ही जवळपास एकाच तापमानात राखून, ॲडोर इंजिनाच्या उच्चदाब संपीडकाच्या पाचही टप्प्यांच्या टायटॅनियम चकत्या घडवल्या. जॅग्वार आणि हॉक विमानांना शक्ती देणारे हे इंजिन. चकतीची घडण आणि उपचार हे जगात सर्वाधिक जपले जाणारे गुपित आणि ते येथे घरच्या घरी उकलले. त्याच वर्षी जुलैमध्ये दहा टक्के व्हॅनेडियम, दोन टक्के लोह आणि तीन टक्के ॲल्युमिनियम असलेला उच्चबल बीटा मिश्रधातू सिद्ध झाल्याची घोषणा झाली. हा मिश्रधातू तर उष्णतोपचाराचा खरा कस पाहणारा. त्याची बीटा सीमा आठशे अंशांच्या आसपास, त्यामुळे दहा-वीस अंशांचा फरकही त्याचा स्वभाव पालटून टाकतो. नीट मुरवला तर पोलादाच्या भागांची जागा घेऊन सुमारे ४० टक्के वजन वाचवतो. बोइंग ७७७ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यात हाच धातू आहे.

समुद्रयान मोहिमेतील 'मत्स्य ६०००' हा आणखी एक दाखला. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी आखलेल्या या पाणबुडीचा गोल सुमारे २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा. त्या खोलीवर सहाशे वातावरणांचा दाब पडतो. पंचवीस मिलिमीटरपुढे गाभ्याला पाणी लागत नाही हे वर सांगितले, म्हणजे येथे विझवून-मुरवून बळ आणण्याचा सोपा मार्ग बंद. जाडी, घडण, सांधा आणि सांध्याच्या आजूबाजूची रचना या साऱ्यांचे गणित नव्याने मांडावे लागते. इस्रोच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉन किरणाने ८० मिलिमीटर जाडीचा हा सांधा जोडून दाखवला आहे. असे काम करणाऱ्यांची नावे किती घरांत ठाऊक आहेत?

केवळ गौरवगान पुरेसे नाही

येथे एक कटू गोष्ट स्वकीयांनाही सांगितली पाहिजे. सुश्रुताने शल्यकर्माच्या शस्त्रांना क्षार, उदक आणि तैल अशा तीन प्रकारे पाणी देण्याचे सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शस्त्रांना पाणी देण्याचे विधी आहेत. दक्षिणेतील वुट्झ पोलाद साऱ्या जगात गाजले आणि मायकेल फॅरडेसारख्या वैज्ञानिकाने १८१९ साली त्याचा अभ्यास केला. व्यासपीठावरून या गोष्टी सांगितल्या की टाळ्या पडतात. पण पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. ती विद्या लोपली कशी?

परकी सत्ता आणि बुडालेले आश्रय ही कारणे खरी आहेत. परंतु आणखी एक कारण आपल्याच घरात आहे. भट्टीपुढे बसणाऱ्याच्या हातात ज्ञान होते आणि ग्रंथ लिहिणाऱ्याच्या हातात लेखणी. दोघांच्या मध्ये समाजाने उंच भिंत उभी केली. लोहाराची विद्या त्याच्या तळहातावर जगली आणि त्याच्याबरोबर सरणावर गेली. ज्वालेचा रंग पाहून तापमान ओळखणाऱ्याला मानाचे पान कधी मिळाले नाही. जो समाज अग्नीला देव मानतो, त्याने अग्नीशी काम करणाऱ्याला पंगतीबाहेर बसवावे, यासारखी विसंगती नाही.

आणि ती भिंत आजही पडलेली नाही. मध्यमवर्गीय घरात मुलगा संगणकाच्या शाखेला गेला की पेढे वाटले जातात, धातुशास्त्राला प्रवेश मिळाला की 'पुढच्या फेरीत बदलून मिळेल' असे सांत्वन केले जाते. ज्या महाराष्ट्राने पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून धातुशास्त्रज्ञांच्या पिढ्या दिल्या, ज्याच्या पुणे, भोसरी, कोल्हापूर, नाशिक परिसरात ओतशाळा आणि उष्णतोपचाराच्या शेकडो भट्ट्या धगधगतात, तेथील कुटुंबांनी तरी हा विचार केला पाहिजे. देशभक्ती केवळ सीमेवर लागते असे नाही. पहाटे तीन वाजता भट्टीच्या आलेखावरील एक रेष वाकडी दिसली म्हणून लाखो रुपयांचा माल बाद ठरवणाऱ्या तंत्रज्ञाच्या निर्धारातही ती असते.

करावयाचे काय?

घोषणांची कमतरता नाही, उणीव आहे ती धीराची. त्यासाठी चार गोष्टी तातडीने कराव्या लागतील. पहिली, देशात सिद्ध झालेल्या मिश्रधातूला दहा-पंधरा वर्षांच्या मागणीची हमी. सर्वांत कमी किमतीची निविदा तीच उत्तम, हा नियम विटा-सिमेंटला ठीक आहे, इंजिनाच्या चकतीला तो लावणे हा आत्मघात आहे. दुसरी, प्रयोगशाळा, सार्वजनिक उद्योग आणि खासगी कारखाने यांच्याकडे विखुरलेल्या उपचार-चाचण्यांची एक राष्ट्रीय नोंदवही. तीत यशाइतकीच अपयशांचीही प्रामाणिक नोंद हवी, कारण 'का' या प्रश्नाचे उत्तर अपयशातच दडलेले असते. तिसरी, लहान उद्योजकांना निर्वात भट्ट्या आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणन परवडावे अशी व्यवस्था. आज प्रमाणनाच्या खर्चानेच त्यांचे कंबरडे मोडते. चौथी, भट्टी चालवणाऱ्या कुशल कामगाराला अभियंत्याच्या बरोबरीचा मान आणि त्याला साजेसा पगार.

यांतली एकही गोष्ट फीत कापून साजरी करता येत नाही. कारखान्याच्या उद्घाटनाचे छायाचित्र निघते, बाराशेव्या चाचणीचे निघत नाही. म्हणूनच ती टाळली जाते आणि म्हणूनच तिचा आग्रह समाजाने धरला पाहिजे. लोकप्रतिनिधी दारी येतील तेव्हा किती टन खनिज निघाले, एवढे विचारून थांबू नये. त्यातले किती येथेच धातू झाले, किती येथेच घडले आणि किती भागांचा उष्णतोपचार येथेच होऊन ते आकाशात गेले, हे विचारावे.

रत्नागिरीच्या पुळणीवर भरती येते आणि ओहोटी होते. काळी वाळू तेथेच राहते, कारण ती निसर्गाने फुकट दिली आहे. भट्टीतले पाणी मात्र कोणीही कोणाला फुकट देत नाही, विकतही देत नाही. ते ज्याचे त्यानेच द्यायचे असते. तापायचे, विझायचे आणि धीराने मुरायचे, हा क्रम टायटॅनियमला चुकला नाही आणि राष्ट्रालाही चुकणार नाही.